कच्चं लिंबू नको

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग इथे देते.

"ताई, माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. बुद्धीनं चांगला आहे, बोलणं अडखळत, पण सवय झाली की सगळं समजतं. चालता येत नाही, चाकाची खुर्ची आहे. गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत शिकतो. मागच्या वर्षी ग्रामपंचायतीनं शाळेजवळ बाग केली. झोके, घसरगुंडी, ओपन जिम, सगळं आहे. पण गुरं शिरू नयेत म्हणून फाटकाला फिरतं लोखंडी चक्र बसवलं, त्यातून खुर्ची जात नाही. मी त्याला उचलून आत नेते आणि खुर्ची बाहेर राहते. शाळेच्या खेळांच्या दिवशी त्याला टेबलापाशी बसवलं, नंबर आलेल्यांना बिल्ले द्यायला. मे महिन्यात तालुक्याला एका मंडळाचं उन्हाळी शिबिर होतं. नाव द्यायला गेले तर म्हणाले, 'याची जबाबदारी कोण घेणार? याच्यासारख्यांचं वेगळं शिबिर असते, तिथं न्या.' असं शिबिर आमच्याकडे कुठंच नाही. सासूबाई म्हणतात, 'काऊन नेतं वं त्याले चारचौघात? लोक पाह्यतात.' लहान बहीण सात वर्षांची, तीच दिवसभर त्याच्याजवळ बसून असते. मी आमच्या मुलांसाठी वेगळी बाग, वेगळं शिबिर मागू का? की आहे त्यातच जागा मागू? की मीच जास्तीचा हट्ट करून राहिली?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातल्या त्या टेबलापाशी मी बराच वेळ थांबले, कारण तसं टेबल एकदा मीही मांडलं होतं. विशेष शिक्षिका म्हणून नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. शाळेच्या खेळांच्या दिवशी, दोन्ही पायांना कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावणाऱ्या एका मुलीला मी पाण्याच्या माठाशी बसवलं आणि धावून आलेल्यांना पेला भरून द्यायचं काम दिलं. तिला सामील करून घेतलं म्हणून मनातून फार बरं वाटलं होतं. संध्याकाळी तिला घरी सोडायला गेले तेव्हा ती म्हणाली, "बाई, माहा नंबर कवा होता?" दिवसभर ती लेक आपल्या खेळाची वाट पाहत बसली होती. त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पुढची सगळी वर्षं मी शाळाशाळांतून जे केलं, ते त्या उत्तरासाठीच.

लहानपणी खेळताना आपण बारक्या भावंडाला 'कच्चं लिंबू' करून घ्यायचो, आठवतं ना? ते सगळ्यांसोबत पळायचं, ओरडायचं, पण त्याला बाद करायचं नाही आणि त्याचा गुणही धरायचा नाही. बारकं पोर वर्षा-दोन वर्षांत पक्कं होतं. आपली ही मुलं मात्र दहावीला गेली तरी कच्चं लिंबूच राहतात. बिल्ले वाटायला बसवणं, टाळ्या वाजवायला पुढच्या रांगेत ठेवणं, गुण लिहायला वही देणं, फोटोपुरती हातात बॅट देणं, हे सगळं त्यातलंच. तेव्हा शाळेत बोला, पंचायतीत बोला की शिबिरवाल्यांशी बोला, मागणी एकच ठेवा. त्याला डाव पाहिजे. ज्यात तो जिंकेल, हरेल, बाद होईल, असा पुरता डाव.

वेगळ्या बागेचं विचारता, तर माझं उत्तर 'नको' असं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या पारडी भागात 'अनुभूती' नावाचं सर्वसमावेशक उद्यान करत असल्याचं केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी जाहीर केलं होतं. ९० हजार चौरस फूट जागा, सुमारे १२ कोटींचा खर्च, स्पर्शाची आणि वासाची बाग, पाण्यातल्या व्यायामाची सोय. सगळ्यांनी एकत्र यावं असाच त्यातला विचार आहे, आणि अशा जागा मोठ्या शहरांत व्हायलाच पाहिजेत. पण तुमच्या मुलाच्या वर्गातली पोरं पारडीला राहत नाहीत. ती तुमच्या गल्लीत राहतात, संध्याकाळी पाचला दप्तर फेकून त्याच बागेत जातात. त्याला झोक्यापेक्षा ती पोरं जास्त हवी आहेत. तालुक्याला आपल्या मुलांसाठी उद्या वेगळी बाग झाली, तर गावच्या बागेत खुर्ची का जात नाही हे विचारणारंही कोणी उरणार नाही. ते 'तिथं न्या' म्हणतील, जसं शिबिरवाले म्हणाले.

सुरुवात मात्र बागेपासून करू नका, खेळापासून करा. फाटकाला ठराव लागतो, खेळाला लागत नाही.

एका शाळेतलं सांगते. असाच स्नायू ताठ राहणारा एक मुलगा होता. कडुनिंबाखाली लगोरी चालली होती आणि पोरांनी पहिल्यांदाच चेंडू त्याच्या हातात दिला. दिला आणि सगळी एकदम ओरडायला लागली, "टाक! टाक न बे!" त्याची मूठ आणखी आवळली, कोपर छातीकडे ओढलं गेलं, मान एका बाजूला वळली. पोरांना वाटलं, याला जमत नाही. जमत होतं. सेरेब्रल पाल्सीत मेंदूकडून स्नायूंना जाणारा निरोपच गडबडतो आणि घाई, गलका, आनंदाची उसळी यांनी ताठरपणा वाढतो. मी त्याच्या पायांखाली दोन विटा सरकवल्या, कारण पाय अधांतरी लोंबकळत असले की अंगाला आधार मिळत नाही आणि ते ताठतं. पोरांना म्हटलं, कोणी बोलायचं नाही, मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. सात-आठपर्यंत काही झालं नाही. मग करंगळी सुटली, तिच्याशेजारचं बोट सुटलं, आणि चेंडू निघाला. दोन हातांवर जाऊन पडला. लगोरी तशीच उभी.

चौथ्या दिवशी एक पोट्टा आपणहून म्हणाला, "बाई, याची रेघ पुढं घेऊ न." रेघ पुढे आली. रबरी चेंडूऐवजी चिंध्यांचा, जरा मोठा चेंडू आला, कारण तो बोटांत मावतो आणि लागला तरी दुखत नाही. आठवडाभरानं लगोरी पडली. पोरांनी त्याची खुर्ची ढकलत पळायला सुरुवात केली आणि समोरच्या गड्यानं नेम धरून चेंडू थेट त्याच्या पाठीत हाणला. तो रागानं लाल होऊन रडला. न्यायला आलेल्या आईनं घाबरून विचारलं, "कोनं मारलं रे?" तो म्हणाला, "मी आउट झालो." त्या माउलीनं मला तीन-तीनदा विचारून खात्री करून घेतली, की खरंच आउट झाला ना.

हे नियम मोठ्यांनी ठरवून दिलेले नव्हते, पोरांनीच काढले. मुलांना नियम वाकवायची सवय असते. गडी कमी पडले की ती विषम जोड्या करतात, भिंत जवळ असली की 'भिंतीला लागला तर चौकार नाही' असं ठरवतात. आपण फक्त त्यांना 'हा आपला गडी आहे, याचं काय करायचं ते तुम्ही सांगा' एवढं म्हणायचं आणि बाजूला व्हायचं.

तुमच्या मुलासाठी आणखी एक खेळ सुचवते, बोचिया. हा सेरेब्रल पाल्सी असलेल्या खेळाडूंसाठीच वाढलेला खेळ आहे आणि १९८४ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे. एक पांढरा चेंडू पुढे टाकायचा, मग एकाकडे सहा लाल आणि दुसऱ्याकडे सहा निळे. ज्याचा चेंडू पांढऱ्याच्या जास्त जवळ, त्याचा गुण. बसूनच खेळायचा. हातानं फेकता आला नाही तर पायानं, तेही जमलं नाही तर उतरत्या पन्हाळीवरून सोडायचा. खरा चेंडू साधारण २७५ ग्रॅमचा असतो. जुन्या मोज्यात ज्वारी भरून, तोंड शिवून, वरून रंगीत कापड चढवलं की घरचे तेरा चेंडू तयार. पन्हाळीला प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून घ्या. शाळेचा ओटा किंवा शेणानं सारवलेलं अंगण पुरतं. आणि यात गंमत अशी की उड्या मारणारी, धावणारी पोरं इथे खुर्चीवाल्याकडून सरळ हरतात. निदान हा एक खेळ त्याच्या घरच्या मैदानावर असू द्या, म्हणजे पोरं त्याच्याकडे खेळायला येतील.

तुमचा मुलगा एकटा नसेल. गावात नीट पाहा. ऐकू न येणारं एखादं पोर शिट्टी न कळल्यानं शर्यतीत मागे राहत असेल, त्याला शिट्टीसोबत लाल रुमाल हलवला की पुरतं. कमी दिसणाऱ्यासाठी चेंडूला कुरकुरणाऱ्या पन्नीत बांधा, तो कुठून येतोय ते कानाला कळतं. आणि आपल्या विदर्भात सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची मुलं पुष्कळ आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार मोजले आहेत, त्यात सिकलसेलही आहे, हे पुष्कळ शिक्षकांना माहीत नसतं. वरून धडधाकट दिसणारं ते पोर 'आळशी' ठरतं. त्याला शर्यतीच्या मध्ये दम घ्यायला आणि पुन्हा पुन्हा पाणी प्यायला मोकळीक लागते, एवढंच. ही चार घरं एकत्र आली की पंचायतीत तुमचा आवाज एकट्या आईचा राहत नाही.

आता फाटकाचं. गुरांची अडचण खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. 'चक्र काढा' म्हणाल तर दुसऱ्या दिवशी कोणाची तरी म्हैस झाडं खाईल आणि दोष तुमच्या माथी येईल. चक्र राहू द्या. त्याच्या बाजूला एका पल्ल्याचं फाटक मागा, ज्यात निदान ९० सेंटिमीटर मोकळी जागा मिळेल. पल्ल्याला साखळीनं वजन बांधलं की ते आपोआप मिटतं. कडी बसल्या माणसाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. पंचायतीचं बजेट ढवळून काढावं असं हे काम नाही, वेल्डिंगवाल्याच्या दुकानातलं आहे. आणि त्या चक्रातून गुडघे दुखणारी आजी, काठी टेकणारे आजोबा, पोटुशी बाई, यांनाही जाता येत नाही. ग्रामसभेत त्यांना सोबत घ्या.

फाटकानंतर उतार. त्याचं प्रमाण एकास बारा, म्हणजे पायरी १५ सेंटिमीटर उंच असेल तर उताराची लांबी १८० सेंटिमीटर. पुष्कळ ठिकाणी पायरीवर सिमेंटची फावडीभर उतरंड टाकून 'रॅम्प झाला' म्हणतात. त्यावरून खुर्ची मागे उलटते. तो रॅम्प नसून धोका आहे, तसं स्पष्ट सांगा. आतली वाट मात्र सगळ्यात महत्त्वाची, कारण आपली काळी माती. पावसाळ्यात तिच्यात बैलगाडी रुतते तिथे खुर्चीच्या पुढच्या इवल्या चाकांचं काय? मुरूम दाबून त्यावर काँक्रीटची १२० सेंटिमीटर रुंद पट्टी हवी, फाटकापासून झोक्यापर्यंत, झोक्यापासून सावलीपर्यंत आणि सावलीपासून पाण्याच्या नळापर्यंत. सुटी गिट्टी किंवा वाळू टाकू देऊ नका, दिसायला छान, पण चाक फिरत नाही.

झोक्याचं एक फार आवडीनं सांगते. शहरांतल्या नव्या बागांत गोल जाळीचे झोके असतात, ज्यात मूल आडवंही राहू शकतं आणि दोघं-तिघं एकत्र बसतात. महागडं आयातीचं सामान म्हणून लोक ते पाहतात. अहो, ती आपली बाज आहे! लोखंडाचं गोल कडं वळवून घ्यायचं आणि ज्यांच्या हातांना अजून बाज विणता येते, अशा गावातल्या आजोबांकडून जाड नायलॉन दोरीनं विणून घ्यायचं. चार ठिकाणी साखळ्या. मूल बसवायच्या आधी धान्याची दोन भरलेली पोती ठेवून तासभर हलवून पाहा आणि दर महिन्याला कड्या तपासा. यात तुमचा मुलगा बहिणीसोबत झोके घेईल, आणि तोल जाऊन पडायची भीती कमी. त्याच्या फिजिओथेरपिस्टला एकदा फोटो दाखवून घ्या.

आणि ऊन. ४५ अंशांच्या मे महिन्यात लोखंडी घसरगुंडी तव्यासारखी तापते. पायाला संवेदना कमी असलेल्या मुलाला भाजलेलं लगेच कळत नाही, आणि उन्हात उभी राहिलेली खुर्ची तर स्वतःच चटका देते. झाडं आत्ता पावसाळ्यात लावायला सांगा, कडुनिंब आणि करंज, झोक्यांच्या पश्चिमेला.

हे सगळं मागायचं कुठे? ग्रामसभेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभा ठरलेल्या असतात. त्यातली २ ऑक्टोबरची सोडू नका, कारण पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम त्याच सुमाराला सुरू होतं आणि आराखड्यात नाव नसलेल्या कामाला पैसा मिळणं अवघड जातं. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. पंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो, हे तुम्हाला कोणी तरी सांगेलच. त्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. फाटक, वाट आणि उतार हे बागेचंच काम आहे, ते बागेच्या खर्चातून व्हावं. नाही तर गावातल्या दुसऱ्या दिव्यांग माणसाच्या वाट्याचे पैसे सिमेंटमध्ये जातील आणि तो तुमच्यावर रुसेल. ५ टक्क्यांतून चेंडू, खेळाचं साहित्य, झोका अशा गोष्टी मागता येतील. २०२४ च्या ८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुडी खटल्यात सांगितलं, की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे सहज वावरता यावं यासाठीचे, नियम नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाहीत, काही किमान नियम सक्तीचेच पाहिजेत. 'जमलं तर करू' म्हणणाऱ्या सदस्याला हे शांतपणे सांगा.

शिबिराच्या बाबतीत तुमच्यावर अन्याय झाला, हे आधी सांगते. तुम्ही हट्ट केला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्याच्या २९ व्या कलमात सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनाबद्दल लिहिलंय. त्यात बालवीर पथक, नृत्य, कलावर्ग, मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रम यांत दिव्यांगांना भाग घेता यावा अशी तजवीज करायला शासनाला सांगितलं आहे. शिबिराचा उल्लेख कायद्यात चक्क नावानिशी आहे. कलम ३० खेळांचं. शाळेसाठी कलम १६ पाहा, सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांनी खेळ आणि मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीनं द्यायची, असं त्यात आहे. म्हणजे बिल्ल्यांच्या टेबलाचं उत्तर तिथे आहे. मुख्याध्यापकांना ते कलम दाखवा, आणि पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना खेळाच्या तासाला शाळेत यायची विनंती करा. ते बहुधा वाचन-लेखनासाठीच बोलावले जातात. मदतनीस भत्ता आणि प्रवास भत्ता मिळतो का, तेही त्यांनाच विचारा.

पण मंडळाच्या लोकांकडे पहिल्याच भेटीत कायदा घेऊन जाऊ नका. मी अशा पुष्कळ संयोजकांशी बोलले आहे. 'जबाबदारी कोण घेणार' म्हणणाऱ्या दहातल्या आठांच्या मनात भीती असते, दुष्टपणा नसतो. पोर पडलं तर? फिट आली तर? संडासला कोण नेणार? या भीतीला माहितीनं उत्तर द्यायचं. अमेरिकेत १९९० साली दिव्यांगांचा मोठा कायदा झाला आणि तिथल्या बऱ्याच शहरांत उद्यान आणि मनोरंजन विभागानं एक साधी रीत पाडली. शिबिराच्या नावनोंदणीच्या फॉर्मवरच विचारतात, मुलाला काही मदत लागते का. लागत असेल तर काही दिवस आधी कळवायचं. मग विभागाचा माणूस कुटुंबाशी बोलतो, मूल काय करतं, कशानं बिथरतं, कधी थकतं ते समजून घेतो आणि त्याप्रमाणे सोय ठरवतो. कधी जादाचा मदतनीस, कधी चित्रांचं वेळापत्रक, कधी नुसता बदललेला नियम. आपल्याकडे तो विभाग नाही, तो माणूस नाही. पण ती रीत आपण उचलू शकतो, पैसे लागत नाहीत.

तर मे महिन्यात नाव द्यायला न जाता फेब्रुवारीतच जा. मुलाला सोबत न्या. 'घ्याल का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'नाही' असं एका शब्दात देता येतं. 'याला घ्यायचं तर काय काय लागेल, बसून ठरवू' असं म्हणा. सोबत एक कागद न्या, एकाच पानाचा, तुमच्या शब्दांत. त्यात आजाराचं वर्णन दोन ओळींत संपवा. त्याला काय आवडतं ते वर लिहा. त्याचं बोलणं कसं समजून घ्यायचं, हो-नाही कसं सांगतो. खुर्चीतून उचलताना हात कुठे घालायचे. किती वेळानं थकतो. जेवताना पाठ किती सरळ हवी. फिट येत असतील तर डॉक्टरांच्या सहीची सूचना आणि औषध. आणि लघवीची वेळ.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबते, ताई, कारण यावर कोणी बोलत नाही. पुष्कळ आया मुलाला बाहेर न्यायचं असलं की सकाळपासून पाणीच कमी पाजतात, म्हणजे लोकांना त्रास नको. तुम्हीही करत असाल. आपल्या उन्हाळ्यात ते धोक्याचं आहे, बद्धकोष्ठ होतं, ताप येतो, लघवीला जळजळ होते. शिबिराच्या जागी खुर्ची जाईल असा एक संडास आणि दिवसातून दोनदा नेणारा एक विश्वासाचा माणूस, ही मागणी लाजत करू नका. ती पहिली लिहा. तो माणूस गावातला कॉलेजात शिकणारा भाऊ-दादा असू शकतो, ज्याला आधीच आठवडाभर घरी येऊन तुमच्याकडून शिकता येईल.

मदतनीस म्हणून तुम्ही स्वतः दिवसभर थांबायला तयार असाल, हे मला पत्रावरूनच कळतं. पहिला दिवस थांबा. दुसऱ्या दिवशी दूर झाडाखाली बसा. तिसऱ्या दिवशी घरी या. आई शेजारी असली की बाकीची पोरं त्याच्याशी बोलत नाहीत, तुमच्याशी बोलतात. "काकू, याले पाणी पाहिजे का?" असं विचारतात. तुम्ही नसलात की त्यालाच विचारावं लागतं, आणि त्यालाच सांगावं लागतं.

एवढं करूनही दार लावलं तर मग लेखी अर्ज. नकार लेखी मागा. शाळा किंवा पंचायतीबद्दलची तक्रार असेल तर आधी त्यांच्या वरिष्ठांकडे, आणि तिथे दाद लागली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे टपालानं पाठवता येते. पण मला वाटतं, फेब्रुवारीत गेलात तर ही पायरी यायची नाही.

धाकट्या लेकीबद्दल. ती सात वर्षांची आहे, तिला भावाची मदतनीस करू नका. ती आत्ता प्रेमानं बसते, पण बारा वर्षांची झाल्यावर तिला आठवेल की आपण लंगडी कधी खेळलोच नाही. भाद्रपदात भुलाबाई बसल्या की तिला तिच्या मैत्रिणींत सोडा, रोज एका घरी. आणि तुमच्या घरी भुलाबाई येतील त्या दिवशी डबा वाजवून खाऊ ओळखायच्या खेळात भावालाही बसवा. मुलींचा खेळ आहे म्हणून कोणी नाकं मुरडली तर मुरडू द्या. कान तल्लख असणारं पोर तिथे सगळ्यांच्या पुढे जातं.

सासूबाईंशी वाद घालू नका. 'लोक पाह्यतात' हे त्या खोटं बोलत नाहीत. लोक पाहतातच. पण पहिल्या दिवशी पाहतात, पंधराव्या दिवशी 'आज उशीर झाला का?' असं विचारतात. मधले चौदा दिवस तुम्हाला काढावे लागतील, आणि त्यातल्या एखाद्या दिवशी सासूबाईंना सोबत नेलंत तर बरं. नातवानं कोणाला हरवलं, हे त्यांनीच घरी येऊन सांगितलेलं चांगलं.

आणि हे सगळं २ ऑक्टोबरपर्यंत, फेब्रुवारीपर्यंत थांबायचं नाही, कारण त्याआधी पोळा आहे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गावातली सगळी लेकरं आपापला लाकडी नंदी सजवून निघतील. तुमच्या मुलाचा नंदी त्याच्या मांडीवर ठेवून त्याला देवळाच्या ओट्यावर बसवू नका. त्याचा नंदीही बाकीच्यांच्या नंदीसारखा मागून चालत आला पाहिजे. खुर्चीच्या मागच्या दांड्याला दोरी बांधू नका, खुर्ची थांबली की नंदी घरंगळत येऊन चाकावर आदळतो किंवा दोरी चाकात गुंडाळली जाते. हातभर वेळूची काठी घ्या, एक टोक दांड्याला आणि दुसरं नंदीच्या पाटाला सुटणार नाही असं बांधा, पण वळणावर मोकळं फिरेल एवढी ढील ठेवा. खुर्ची वर्गातल्या एखाद्या दांडग्या पोराला ढकलू द्या. पावसानं चिखल झाला असेल तर दोघांना. आदल्या दिवशी संध्याकाळी रस्त्यावरून एक फेरी मारून बघा, कुठे नाली आडवी येते ते.

घरोघरी बोजारा, म्हणजे नंदीचे पैसे, मागायला त्यानेच जायचं. पायऱ्या असतील तिथे अंगणात थांबायचं, घरच्यांनी खाली यायचं. शेजारणींना आधीच सांगून ठेवा, की पैसे तुमच्या हातात द्यायचे नाहीत, त्याच्या हातात द्यायचे. मूठ उघडायला त्याला वेळ लागेल. तेवढं थांबा म्हणावं.

तुमची,
ताई